चोराला सलामी

"तुमी... तुमी आत्ता त्या चोराला नमस्कार घातला का?"

हरीश माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. आणि मी कशी? भर रस्त्यात एक गुडघा टेकून बसलेली, उजवा हात मातीला, डाव्या हातात लाठी, आणि तोंडाचा आ!

वारंगा फाट्याहून गावाकडं येत होते. दिवस मावळायला आला होता. फाल्गुनात आमच्याकडं शेताशेतात हळद शिजवणं चालू असतं, हवेत तो उग्र, ओला, गरम वास भरलेला. मागून मोटारसायकल आली. दोघं जण, तोंडाला रुमाल. मागच्यानं माझी ओढणी धरून असा हिसका दिला की स्कूटी एकीकडं आणि मी एकीकडं. ते पुढं जाऊन वळले आणि हसत हसत परत माझ्याकडं यायला लागले.

मी उठले. स्कूटीवरून पडलेली माझी लाठी उचलली. अहो, मी अमृतराव वस्तादांची पोरगी! शिवजयंतीच्या मिरवणुकीत मी लाठी फिरवायला लागले की म्हाताऱ्या माणसांनी पाट-खुर्च्या मागं सरकवायच्या, इतका माझा दरारा. लाठी हातात आली... आणि माझं अंग आपोआप खाली वाकलं. हात मातीला, मातीचा हात कपाळाला. सलामी! आमच्या आखाड्यात सलामी दिल्याशिवाय लाठी उचलायचीच नाही. लहानपणापासून रोज सकाळी तेच केलेलं. डोकं म्हणत होतं, अगं मार! आणि अंग म्हणत होतं, आधी सलामी.

तेवढ्या वेळात त्यांनी स्कूटीला अडकवलेली पर्स काढून घेतली. आणि जाता जाता मागच्यानं माझ्या वाकलेल्या डोक्यावर एक टपली मारली. टपली! मग मागून जोरात हॉर्न वाजला, पिकअप आली, आणि ते दोघं पळाले.

पिकअपमधून जो उतरला तो डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होता. भुवया पिवळ्या, पापण्या पिवळ्या. फाट्याजवळ हळद पॉलिश करायचं मशीन आहे, तिथला हरीश.

"ती सलामी होती," मी म्हणाले. "खेळाआधी द्यावी लागते."

"असं व्हय. आन् त्याईनं ती घेतली?"

इतका राग आला मला! काहीतरी सणसणीत बोलायला तोंड उघडलं, आणि हुंदकाच बाहेर आला. त्याचं हसू कुठल्या कुठं गेलं. त्यानं स्कूटी उभी केली, पाण्याची बाटली आणली, माझ्यापासून चार हात लांब ठेवली आणि मागं सरकून उभा राहिला.

"बसा जरा. मी हाय हितंच."

गाव येईपर्यंत त्याची पिकअप माझ्या मागं मागं होती. वेशीपाशी मी थांबले. "हे बघा, कुणाला सांगू नका."

"काय सांगू न्हाई? चोरी, का नमस्कार?"

"दोन्ही!"

"बरं," तो म्हणाला. आणि हसला. त्याच्या पुढच्या दाताचा एक टवका उडालेला होता. मी उगाच बघत राहिले.

*

घरी मी स्कूटी घसरली म्हणून सांगितलं. पण झोप काही लागेना. पर्समध्ये होतं काय? एक कंगवा आणि रिकामा डबा. पर्स गेली त्याचं मला काहीच नव्हतं. मला घोर लागला होता तो माझ्या पोरींचा.

रोज सकाळी मारुतीच्या देवळापुढं माझ्या वडलांच्या, आबांच्या आखाड्यात मी गावातल्या पोरींना लाठी शिकवते. त्यातली राजनंदिनी अकरावीत. ती सायकलवरून फाट्याला शिकवणीला जाते, त्याच रस्त्यानं. तिच्या आईला, सुमनबाईला, शेजारपाजारच्यांनी कितीदा सांगितलं की पोरीला घरी बसव, दिवस बरे नाहीत. सुमनबाईचं उत्तर ठरलेलं: "माझ्या लेकराला लाठी येते. मंजुषाताईनं शिकवली. कोन हात लावतो बघू!"

हे ऐकून आधी माझी मान ताठ व्हायची. आता तेच आठवून मी कूस बदलत होते. माझी सलामी झाली तशी हिची झाली तर? आणि खरं सांगितलं तर सुमनबाई उद्याच पोरीची शिकवणी बंद करणार. म्हणजे गप्प बसले तर पोरीच्या जिवाला धोका, आणि बोलले तर तिचं शिकणं सुटणार. करायचं तरी काय माणसानं?

सकाळी आबांना सहज विचारल्यासारखं विचारलं. "आबा, खऱ्या मारामारीत चालते का हो आपली लाठी?"

आबा तेल लावून लाठी पुसत होते. त्यांचा हात थांबला. "चालते का म्हंजे? पिढ्यान् पिढ्या चालली ना!"

"तसं नव्हे. समजा कुणी अचानक आलं, मागून आलं..."

"आपला नेम काय? सलामीशिवाय लाठी न्हाई, आन् आखाड्यातल्या गड्यानं पाठ दावायची न्हाई. हे दोन नेम पाळले की बराबर चालते. चल, पोरी आल्या तुझ्या."

पोरी आल्या. ओळीनं उभ्या राहिल्या. ओळीनं खाली वाकल्या, मातीला हात लावला, कपाळाला लावला. राजनंदिनी सगळ्यांत आधी, सगळ्यांत खाली वाकणारी. माझ्या अंगावर काटा आला.

*

हरीशनं कुणाला सांगितलं तर नाही ना, हे बघायला मी मशीनवर गेले. असं मी स्वतःला सांगितलं.

पत्र्याखाली मोठं ढोल गरगरत होतं, आत हळकुंडांचा खडखडाट, सगळीकडं पिवळी धूळ. एका कोपऱ्यात हरीशची आत्या, पारुबाई, हळकुंडं निवडत बसलेली. हरीशनं मशीन बंद केलं.

"या. नमस्कार घालू का सलामी?"

"मी जाते."

"न्हाई, न्हाई... बसा ना. चेष्टा केली. कुणाला न्हाई सांगितलं, आत्याची आन."

"माझी आन काहून घेतोस रे मेल्या?" पारुबाई ओरडली.

मी हसले, आणि हसता हसता सगळं सांगून टाकलं. राजनंदिनीचं, सुमनबाईचं, आबांचं. तो हाताची घडी घालून ऐकत होता, एकदाही मधे बोलला नाही.

"माझ्याकडं कराटेचा पिवळा पट्टा हाय," शेवटी तो म्हणाला.

"थट्टा नको हो."

"खरंच! हिंगोलीला शिकायला होतो तवा घेतला. दसऱ्याच्या गर्दीत दोन पोट्टे अंगावर आले. मी असा पाय फाकवून उभा राहिलो, दोन्ही मुठी वर, एकदम फोटोतल्यासारखा." त्यानं तसा उभा राहून दाखवला. "त्यातल्या एकानं माझी पोज पुरी व्हायची वाट न्हाई बघितली. हा दात तवाचा."

"मग काय केलं?"

"पळालो. लई जोरात पळालो. आन् जिता हाय."

आमच्या घरात ही गोष्ट कुणी तोंडातून काढली नसती. हा मात्र खुशाल सांगत होता, आणि मला त्यात अजिबात कमीपणा वाटला नाही. उलट त्याच्याजवळ बसावंसं वाटलं. हे काय भलतंच!

"माझ्या अंगावर या," मी म्हणाले.

पारुबाईच्या हातातलं हळकुंड पडलं.

"म्हणजे... त्या चोरासारखं या. मला बघायचंय, लाठी चालते का नाही ते. सलामी न देता."

लांबून आला तेव्हा मी त्याच्या नडगीवर अशी लाठी घातली की बिचारा एका पायावर नाचला. लांबून लाठी चालते, यात शंका नाही. मग तो मागून आला, एकदम अंगाजवळ. लाठी फिरवायला जागाच नव्हती. त्यानं माझं मनगट धरलं आणि लाठी माझ्या हातातून गळून पडली. माझा श्वास अडकला. तो हरीश आहे हे माहीत होतं, समोर पारुबाई बसलेली दिसत होती, तरी तोच रस्ता, तोच रुमाल, तीच टपली डोळ्यापुढं आली.

"सोडू का?" त्यानं हळूच विचारलं. "तुमी लई घाबरल्या."

"नको... थांबा."

लाठी फिरवताना मनगट जसं आतून बाहेर वळतं, तसं ते आपोआप वळलं. त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं. पैतरा बदलतो तसा पाय मागं गेला. आणि माझा हात सुटला!

"कसं केलं? परत दावा."

मी परत करून दाखवलं. परत सुटला.

"अजून एकदा."

"अजून कळलं नाही का तुम्हाला?" मी विचारलं. "का परत धरायचाय?"

तो कानापर्यंत लाल झाला. पिवळ्यावर लाल, मोठा नारिंगी रंग आला होता. माझ्या मनगटावर त्याची चार पिवळी बोटं उठली होती.

"अगं बाई," पारुबाई म्हणाली, "लगनाआधीच हळद लागली की पोरीला!"

मी स्कूटीवर बसून जी निघाले ती घरापर्यंत मागं वळून बघितलं नाही. मनगट मात्र ओढणीखाली झाकून घेतलं. धुवायला जीव झाला नाही.

*

त्यानंतर मी रोज काही ना काही निमित्त काढून मशीनवर जायची. केस धरले तर काय, मागून कवळ घातली तर काय, स्कूटी चालू असताना काय... आम्ही करून बघायचो. चालेल ते ठेवायचो, न चालेल ते टाकायचो. टाकायचंच जास्त निघायचं. मिरवणुकीत टाळ्या घेणाऱ्या माझ्या सगळ्या गिरक्या टाकाव्या लागल्या, आणि मला रडू यायचं. हरीश म्हणायचा, "गिरक्या लई देखण्या हायेत तुमच्या. चोरापुढं नका करू. माझ्यापुढं करा."

असं बोलायचा आणि आपणच घाबरून मशीन चालू करायचा.

एक दिवस सकाळच्या सरावानंतर राजनंदिनी माझ्या मागं मागं आली. "ताई, ते मोटारसायकलवाले हायेत ना, रुमालवाले... परवा माझ्या मागं आलते. कायबाय बोलले."

मी जागीच थांबले. "मग? आईला सांगितलं?"

"न्हाई! शिकवणी बंद करंल ना ती. आन् काहून सांगू? आता आले की मी थांबणार हाय. सायकल लावणार, सलामी देणार आन् मंग दावते त्याईला!"

डोळे चमकत होते तिचे. हे असं बोलायला तिला मीच शिकवलं होतं.

मी तिला देवळामागं नेलं. आबांना दिसणार नाही असं बघून तिचं मनगट धरलं. "सोडव." तिला जमेना. "अंगठ्याकडनं फिरव. लाठी फिरवतेस तशी. पाय मागं... हां! आणि सुटलीस की?"

"की लाठी उचलायची."

"नाही. पळायचं. ओरडत पळायचं, माणसं असतील तिकडं."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी शिवी दिली. "पाठ दावायची, ताई? आबा काय म्हनतील?"

"आबांचं मी बघते," मी म्हणाले. कसलं बघते! आबांचं नाव काढलं की मीच आजूबाजूला बघत होते. मी पुन्हा पुन्हा करून घेतलं, पण पळते म्हणून काही तिनं शब्द दिला नाही.

*

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सुमनबाई पदर सावरत दारात आली. "मंजुषा, राजी हितं आली का गं? शिकवणी तर कवाच सुटली."

मी लाठी घेतली आणि स्कूटीला किक मारली. मशीनपाशी हरीश दिसला. माझं तोंड बघून त्यानं लगेच पिकअप काढली.

वळणावर सायकल पडलेली होती. एक चप्पल. आणि कॅरिअरला दोरीनं घट्ट बांधलेली लाठी, तशीच.

"राजी!" मी ओरडले. "राजीऽऽ!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. हरीश शेतात धावला, मी दुसऱ्या बाजूला. देवा, माझा जीव घे पण त्या लेकराला काही होऊ देऊ नको, असं म्हणत मी ढेकळांत ठेचकाळत होते.

"मंजुषा! हिकडं!" हरीश पहिल्यांदाच मला नुसत्या नावानं हाक मारत होता.

हळदीच्या कढईतून वाफेचे लोट उठत होते. त्याच्या पलीकडं बायकांच्या घोळक्यात राजनंदिनी बसलेली. अंगभर चिखल, एक पाय अनवाणी, कुणीतरी खांद्यावर लुगडं टाकलेलं. मला बघितल्याबरोबर ती मोठ्यानं रडली.

"ताई, लाठी बांधलेली व्हती... दोरी सुटंचना. एकानं हात धरला. मंग मी... अंगठ्याकडनं... आन् पळाले ताई. लई ओरडले. ह्या मावश्या धावून आल्या, तवा ते गेले." मग एकदम खाली मान घालून, "पाठ दावली मी."

मी तिला छातीशी धरलं.

गावात आलो तर देवळापुढं माणसं जमलेली. सुमनबाईनं पोरीला कवटाळलं, मग एक चापट मारली, मग परत कवटाळलं. "बास झालं! आजपासून शिकवणी बंद!"

आबा पुढं झाले. छाती पुढं काढून म्हणाले, "काहून बंद? आखाड्याची पोरगी हाय. लाठीनं पळवून लावलं का न्हाई त्याईला?"

राजनंदिनी आईच्या पदराआड सरकली. मग ती पुटपुटली, "लाठी कॅरिअरला व्हती, आबा. मी पळाले."

आबांचा चेहरा दगडासारखा झाला. "पळाली? पाठ दावून? कोनी शिकवलं हे?"

"मी," मी म्हणाले.

पुढं कसं बोलले माहीत नाही. सगळं सांगितलं. ओढणी, टपली, आणि भर रस्त्यात चोराला दिलेली सलामी. कुणीतरी फिसकन् हसलं. हसू दे! "आबा, तुमच्या लाठीनंच मनगट वळलं तिचं. पैतऱ्यानंच पाय मागं गेला. ते आपलंच आहे. पण सलामीनं माझा घात केला, आणि पाठ दाखवली म्हणून ही आज आईच्या कुशीत आहे. तुम्हाला ती पाठ हवी आहे का पोरगी?"

आबा वळले आणि घरात गेले. आखाड्याच्या वस्तादानं सगळ्या गावापुढं पाठ फिरवली, ती माझ्यामुळं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हरीश पिकअपमधून सायकल उतरवत होता. ती धरूनच माझ्याजवळ आला. "मला एक बोलायचं हाय. आत्ता बोलू न्हाई, कळतं मला. पन उद्या धीर व्हायचा न्हाई."

"बोला."

"मघाशी तुमी शेतात वरडत पळत व्हत्या ना... मला वाटलं, तुमाला काय झालं तर मी... मी काय करू?" त्याच्या हातातली सायकल सटकली. "मला तुमी लई आवडता. तुमाला वाचवंन, असं न्हाई म्हनत. मला बी जमंल का न्हाई, ठावं न्हाई. पन रोज तुमी घरी पोचल्या का, ह्याचा घोर मला लागून राहतो. तो घोर करायचा हक्क द्या. बस."

इतकं भित्रं आणि इतकं गोड कुणी कधी बोललं असेल का? मला हो म्हणायचं होतं. पण समोर आमचं दार लागलेलं दिसत होतं. मी त्या दाराकडंच बघत राहिले. त्यानं मान हलवली आणि तो गेला.

*

सकाळी आबा अंगणात बसलेले. डोळे लाल. हरीशची पिकअप दारात उभी होती, कारण राजनंदिनीनं त्या मोटारसायकलचा नंबर लक्षात ठेवला होता आणि आम्ही तक्रार द्यायला निघालो होतो. सुमनबाई कुरकुरत का होईना, तयार झाली होती.

आबांनी राजनंदिनीला बोलावलं. तिचं मनगट धरलं. माझ्या आबांची पकड, लोखंडी! राजनंदिनीनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं मनगट फिरवलं, पाय मागं घेतला, आणि सुसाट पळत वेशीपर्यंत गेली.

आबा आपल्या रिकाम्या मुठीकडं किती तरी वेळ बघत बसले. "बराबर हाय," ते म्हणाले. मग सुमनबाईला म्हणाले, "शिकवणी बंद करायची न्हाई. उद्यापासून पोरीला पळायला बी मी शिकवतो."

मला रडू फुटलं. आबांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

"तालुक्याला जाता? सोबतीला कोन हाय?"

आमच्याकडं हा प्रश्न बाईमाणूस उंबऱ्याबाहेर पडलं की रोज विचारतात, आणि उत्तरात भाऊ, काका, नाहीतर मामा असं काहीतरी सांगतात. पिकअपजवळ हरीश पाठमोरा उभा होता, आरशावरची धूळ पुसत, सगळं ऐकत. त्याचा हात थांबला. माझं काळीज धडधडत होतं, त्या रस्त्यावरही एवढं धडधडलं नव्हतं.

"हरीश," मी म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांपुढं. "हरीश आहे सोबतीला, आबा. आजच्यापुरता नाही."

सुमनबाईनं तोंडाला पदर लावला. हरीश वळला, तर त्याचे डोळे भरलेले. आबांनी त्याला वरून खाली, खालून वर, सावकाश बघितलं.

"पळता येतं का त्याला?"

"लई जोरात," मी म्हणाले.

"मंग जा," आबा म्हणाले. "आन् येताना त्याला जेवायला घेऊन ये."